कोपऱ्यावरचा खांब

आमच्या सायकल क्लबात दोन कामं कोणालाच नको असतात. एक पंक्चरचं सामान वाहायचं आणि दुसरं शेपटाचं. शेपूट म्हणजे सगळ्यांच्या शेवटी चालणारा माणूस. पुढच्यांच्या गप्पा, हसणं, एकमेकांची खेचणं यातलं काही त्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला येतात धापा टाकणारी माणसं, घसरलेल्या चेनी आणि "अजून किती राहिलं हो?" हा एकच प्रश्न. गेले चौदा महिने हे काम मी आपणहून मागून घेत होतो. लोकांना वाटायचं, काय सेवाभावी माणूस आहे. सेवाभाव वगैरे काही नव्हता. मला दाजींचं तोंड बघायचं नव्हतं आणि दाजी कायम घोळक्याच्या मध्ये असायचे, इतकंच.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेला माणूस. दिवसातून तीन वेळा म्हणजे तीनच वेळा, जेवणानंतर म्हणजे जेवणानंतरच. घरी पाहुण्याला चहा देतानासुद्धा हे गृहस्थ "साखर खाली बसलीय, हलवून घ्या" असं सांगतात. त्यांना क्लबात मीच आणलं होतं, बारा वर्षांपूर्वी. तेव्हा आमचं छान जमायचं. चढ आला की मी पुढे जाऊन वर थांबायचो आणि ते वर पोचले की म्हणायचे, "तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही असाच मूर्ख होतो." आमच्या वयात फक्त सहा वर्षांचं अंतर आहे.

आता शेपटाचं काम नीट समजण्यासाठी आमचा एक नियम सांगायला हवा. आमचा कप्तान लोखंडी सामानाचं दुकान चालवतो आणि त्याचे नियमही त्याच मालाचे असतात. सगळ्यांत पुढे तो. जिथे रस्ता वळतो, तिथे त्याच्या लगेच मागे असलेल्या माणसानं सायकलवरून उतरायचं आणि कोपऱ्यावर उभं राहायचं. त्याला आम्ही खांब म्हणतो. मागून येणाऱ्या प्रत्येकाला खांबानं हातानं वळण दाखवायचं. सगळ्यांत शेवटी शेपूट येतं, "मी शेवटचा" म्हणतं, की खांब सुटला. मग पुढच्या वळणाला दुसरा खांब. त्यामुळे कोणाला रस्ता माहीत असावा लागत नाही आणि कोणी हरवत नाही. अट एकच, शेपूट आल्याशिवाय खांबानं जागा सोडायची नाही. लघवी लागली तरी नाही, असं कप्तान नव्या मेंबरांना पहिल्याच दिवशी बजावून सांगतो.

त्या रविवारी आम्ही तेवीस जण होतो. तळ्यापर्यंत जायचं, तिथे जेवायचं, उन्हं उतरली की परत. शर्यत नाही, वेळ लावायची नाही, नुसती मजेची सहल. पण त्या दिवसाला एक वेगळं कारण होतं. दाजी आणि ताई पुढच्या आठवड्यात मुलीच्या गावी कायमचे राहायला चालले होते, आगगाडीनं रात्र आणि अर्धा दिवस लागेल इतक्या लांब. दाजींची ही क्लबाबरोबरची शेवटची फेरी होती. ताई सायकल चालवत नाही. ती जेवणाचे डबे घेऊन कप्तानाच्या व्हॅनमध्ये बसून, त्याच्या दुकानातल्या पोऱ्याबरोबर, तळ्यावर येणार होती.

निघण्यापूर्वी ग्रंथालयाच्या आवारात सगळे चाकांत हवा भरत होते. तेव्हा ताईनं मला जिन्याखाली गाठलं.

"आज त्यांच्याशी बोल," ती म्हणाली. "एक वाक्य बोल. शिव्या दे हवं तर. पण बोल."

"माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही."

"चौदा महिने मी तुम्हा दोघांच्यात निरोप्याचं काम करतेय. परवा तुझ्या भाच्यानं विचारलं, मामा येणार का गं सोडायला? मी काय सांगायचं त्याला? हे बघ, आज बोलला नाहीस तर यापुढे मी तुला या विषयावर एक शब्द विचारणार नाही. आणि तुझ्याकडे यायचं झालं तर मी एकटी येईन, चार तास बसेन आणि जाईन. तसंच पाहिजे का तुला?"

मी पंपाचं तोंड वाकडं बसलंय असं दाखवत खाली बसलो. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. ते खोटं आहे. नाकावरचा राग उडून जातो. माझा पोटात जाऊन बसतो आणि तिथे घर करतो.

तर काय झालं होतं तेही सांगतो. चौदा महिन्यांपूर्वी आमची आई ताईकडे अंथरुणाला खिळून होती. महिनाभर मी रोज दुकान बंद करून तिथे जायचो. मी चष्म्यांच्या काचा कापून बसवतो. दिवसभर बारीक काम आणि संध्याकाळी आईच्या उशाशी, असं चाललं होतं. एका रविवारी सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. दाजीच म्हणाले, "जा फेरीला. चार तास मोकळ्या हवेत फिरून ये. काही झालं तर मी फोन करतो." मी गेलो. फोन शर्टाच्या खिशात होता, दर दहा मिनिटांनी मी तो चाचपून बघत होतो. तो वाजला नाही. परत येताना आम्ही शहराच्या वेशीवरच्या टपरीवर चहाला थांबलो, दोन-दोन चहा घेतले, कोणीतरी विनोद सांगितला, मी पोट धरून हसलो. मग आधी माझ्या घरी जाऊन आंघोळ केली, जेवलो, जरा डोळा लागला आणि चार वाजता ताईच्या घरी पोचलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आई दोनला गेली होती. एक वाजल्यापासून श्वास बिघडला होता. आणि एक वाजता मी त्या टपरीवर होतो, ताईच्या घरापासून वीस मिनिटांवर.

मी सगळ्यांसमोर दाजींना विचारलं, फोन का नाही केला? ते म्हणाले, "जमलं नाही." तेवढंच. ज्या माणसाला गोळी दुधाबरोबर घ्यायची की पाण्याबरोबर यावर अर्धा तास बोलता येतं, त्याला माझ्या आईबद्दल दोनच शब्द सुचले. मी तिथे काय काय बोललो ते मला आठवत नाही, पण ताईला आठवतं. त्यानंतर मी दाजींशी बोललो नाही.

तर त्या रविवारी आम्ही निघालो. हवा चांगली होती, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मधूनच एखादं कुत्रं भुंकत मागे लागायचं आणि कंटाळून परत जायचं. माझ्या पुढे एक नर्सबाई होती. क्लबात तिची ही दुसरीच फेरी. सायकल नवी कोरी आणि सीट इतकी खाली की तिचे गुडघे हनुवटीला लागत होते. "सीट वर करा," मी सांगितलं. "मग पाय टेकत नाहीत," ती म्हणाली.

दहा वाजता चहाला थांबलो तेव्हा कप्तानानं भाषण ठोकलं. दाजींनी बारा वर्षांत एकदाही उशीर केला नाही, एकदाही नियम मोडला नाही, वगैरे. "म्हणून इथून पुढे आज माझ्या मागे दाजी," तो म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घंटी वाजवली, कारण टाळ्या न वाजवणं दिसलं असतं. दाजींनी त्यांचं पिवळं जाकीट सारखं केलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीचं झाकण बघत बसलो. कप्तानाच्या लगेच मागे असणं म्हणजे पुढच्या वळणाला खांब होणं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. चौदा महिने आम्ही मोठ्या शिताफीनं टाळलेली गाठ आता पडणार होती. कोपऱ्यावर ते एकटे उभे असतील, मी शेवटचा पोचेन आणि आजूबाजूला चिटपाखरू नसेल.

पुढे तासाभरानं नर्सबाईंचं मागचं चाक बसलं. मी ट्यूब बदलली. ती शेजारी बसून मला हत्यारं देत होती, दवाखान्यात देत असेल तशी, मागण्याच्या आधीच. त्यात वीस मिनिटं गेली, बाकीचे केव्हाच दिसेनासे झाले. मग आम्ही एक लांबलचक चढ चढून वर आलो आणि तिथून खाली सगळा रस्ता दिसला. उताराच्या तळाशी ओढा, ओढ्यावर पूल, पुलापलीकडे साधारण अर्ध्या मैलावर रस्ता दोन फाट्यांत फुटत होता. आणि फाट्यावर एक पिवळा ठिपका.

मला जवळचं दिसत नाही, पण लांबचं अजून स्वच्छ दिसतं. ठिपका हललासुद्धा. एक हात वर झाला आणि खाली आला.

"तिथे कोणीतरी उभंय ना?" नर्सबाईनं विचारलं.

पुलाच्या अलीकडे डावीकडे कालव्याच्या काठानं एक कच्चा रस्ता जात होता. मला तो ठाऊक होता. पुढे जाऊन तो त्याच मोठ्या रस्त्याला मिळतो, पण तो फाटा टाळून.

"शेतकरी असेल," मी म्हणालो. "आपण इकडून जाऊ. जवळ पडतं."

हे मी किती सहज बोललो याचं मला आजही नवल वाटतं. मी काही ठरवून केलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ठरवायला क्षण पुरतो आणि तो क्षण माझ्याजवळ होता. आम्ही उतारावरून खाली आलो आणि मी हँडल डावीकडे वळवलं. कालव्याच्या काठानं जाताना मी स्वतःला समजावत होतो: थोडा वेळ थांबतील, मग कळेल त्यांना, येतील. मोठा माणूस आहे, कुक्कुलं बाळ नाही. कोणाची तरी वाट बघत बसायचं म्हणजे काय असतं, ते कळू दे जरा. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर चांगलंच बरं वाटलं.

कालवा संपला, आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि पुढच्या वळणावर पुढचा खांब उभा होता, आमच्यातला शाळामास्तर. "सगळे आले?" त्यानं विचारलं. परत फिरायची ती वेळ होती. दहा मिनिटांचा रस्ता होता फार तर.

"सगळे," मी म्हणालो. "मी शेवटचा."

तळ्यावर पोचलो तेव्हा काही जण पाण्यात पाय सोडून बसले होते, काही गवतावर आडवे झाले होते. ताई व्हॅनच्या मागच्या दारात डबे उघडून मांडत होती. मला पाहून तिनं मान वर केली, माझ्या मागच्या रस्त्याकडे बघितलं आणि चक्क हसली.

"हे मागे आहेत ना?"

"येतील," मी म्हणालो आणि हात धुवायला पाण्याकडे गेलो.

हात किती वेळ धुणार? पाऊण तास मी त्या तळ्याच्या काठाकाठानं फिरत होतो. कोणीतरी चपट्या दगडांनी पाण्यावर टप्पे घेत होतं, मीही चार दगड टाकले, चारही बुडाले. एक वाजता कप्तानानं जेवायला हाका मारल्या. ताईनं बावीस ताटल्या वाढल्या, तेविसावी वाढली आणि तिच्यावर दुसरी ताटली पालथी घातली. मग ती माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं.

"मला वाटलं तुम्ही दोघं मागे बोलत येताय," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून मी कोणाला विचारलंच नाही. म्हटलं, येऊ देत सावकाश. कुठेत रे ते?"

त्याच वेळी कप्तान म्हणाला, "दाजींना फोन लावा कोणीतरी." ताईनं आपल्या पिशवीतून दाजींचा फोन काढून दाखवला. सायकलवर असताना दाजी फोन जवळ ठेवत नाहीत, मांडीला टोचतो म्हणतात. मग सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी कोणी पाहिलं? फाट्यावर खांब होते ते. मग तिथून पुढे? आणि एकेक करत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण खांबाला सोडवणारा मी.

"मला तिथे कोणी दिसलं नाही," मी म्हणालो.

नर्सबाई पाव खात होती. तिनं घास हातातच धरला. तिनं तोंड उघडलं असतं तर माझी सगळ्यांसमोर शोभा झाली असती. पण ती उठली, ताटली ठेवली, माझ्या बाजूनं पाण्याच्या बाटल्या घ्यायला आली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, ऊन बरंच झालंय. त्यांची औषधं वगैरे काही चालू आहेत का?"

दाजींच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवलीय. मला ते माहीत होतं. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या बाकावर मीच झोपलो होतो.

मी सायकल उचलली. कप्तान म्हणाला, "थांब, व्हॅन काढतो." पण मी निघालो होतो. मागून ताईचा आवाज आला, "त्याला जाऊ द्या आधी."

आयुष्यात मी इतक्या जोरात सायकल चालवली नसेल. चढावर छाती फुटायची वेळ आली. डोक्यात एकच चित्र: फाट्यावर पिवळं जाकीट आडवं पडलंय. आईच्या वेळी दोन तास उशीर झाला होता. या वेळी किती झाला, ते मी मोजत नव्हतो.

ते उभे होते. फाट्यावरच्या दगडाला सायकल टेकवून, रस्त्याकडे तोंड करून, सरळ. तोंड लालबुंद झालं होतं, ओठ सुकले होते आणि डोक्यावर त्यांनी रुमाल बांधला होता. शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची होती, कुठल्याशा घरातून कोणीतरी आणून दिलेली. ती रिकामी होती. मला पुलाच्या उलट्या बाजूनं, तळ्याकडून येताना पाहून ते जरा गडबडले.

मी सायकल रस्त्यातच टाकली. वाटेत सगळं ठरवून आलो होतो. म्हणणार होतो, रस्ता चुकलो, पंक्चर झालं, कालव्याकडून गेलो, लक्षात राहिलं नाही. पण माझं तोंड उघडण्याआधीच तेच बोलले.

"तू कालव्याकडे वळलास ते दिसलं मला. म्हटलं, असू दे."

म्हणजे खोटं बोलायचीही सोय नव्हती. मी पाण्याची बाटली पुढे केली. ते प्यायले, थोडं पाणी मानेवर ओतलं.

"मग थांबलात कशाला?" मी ओरडलो. चौदा महिन्यांतलं माझं पहिलं वाक्य आणि तेही ओरडून. "अडीच तास! खुर्चीवरसुद्धा बसला नाहीत!"

"बसलो की त्या झुडपामुळे पलीकडून दिसत नाही माणूस. ती समोरच्या घरातली बाई दोनदा येऊन गेली, म्हणाली बसा. एक ट्रकवाला सोडतो म्हणाला." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "पण मी गेलो असतो आणि तू परत आला असतास, तर? तुला वाटलं असतं, हे इथेही थांबले नाहीत."

इथेही. तो शब्द ऐकला आणि पोटात घर करून बसलेलं सगळं वर आलं.

"त्या दिवशी फोन का नाही केलात?" मी विचारलं. "तुम्ही शब्द दिला होता. मी वीस मिनिटांवर होतो, दाजी. चहा पीत होतो. तुमच्यासारखा माणूस, डोक्यावर ऊन घेऊन अडीच तास नियम पाळणारा, त्याला एक फोन करता आला नाही?"

त्यांनी बाटली मला परत दिली. मग त्या खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच. बसताना गुडघे धरून बसावं लागलं.

"फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. तुझी ताई डॉक्टरांना आणायला गेलेली. घरात मी एकटा. आईंचा श्वास बदलला तसा मी फोन आणायला उठलो. तेवढ्यात त्यांनी हात धरला. अंगात इतका जोर आला कुठून, माहीत नाही. डोळे मिटलेलेच होते. आणि म्हणाल्या, 'धाकट्या'."

आई मला धाकट्या म्हणायची. आता मला तसं म्हणणारं कोणी नाही.

"मी 'ओ' दिली," दाजी म्हणाले. "काय करणार? म्हणालो, हो आई, मीच. मग त्या हात सोडेनात. मी दोनदा सोडवायचा प्रयत्न केला, तर घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. मग नाही सोडवला. तू येतोयस की नाही, कधी येतोयस, काही माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तू आला होतास. मी उठून गेलो असतो तर तू गेला असतास."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. गवतात काटे होते, ते नंतर कळले.

"मग हे सांगायचं होतंत मला! त्याच दिवशी!"

"तू दारातून आत आलास, तेव्हा काय सांगू? की आई तुझ्याशी बोलून गेल्या, पण तू मी होतो? जे तुझं होतं ते मी घेतलं, असं वाटत होतं. अजून वाटतं. तुझ्या बहिणीलाही सांगितलं नाही. म्हटलं, 'जमलं नाही' एवढंच म्हणावं. रागावशील, वर्षभरात विसरशील." त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला. "तू काही विसरणाऱ्यातला नाहीस."

"काय म्हणाली आई?"

"फार नाही. एक तास नुसता हात धरून होत्या. शेवटी शेवटी म्हणाल्या, 'किती उशीर केलास.' मी म्हणालो, हो आई, चुकलं माझं. तर म्हणाल्या, 'असू दे. आलास ना.'"

मी रडलो. तोंड झाकून वगैरे नाही, लहान मुलं रडतात तसा, नाक गळेपर्यंत. चौदा महिने मी रोज काचा कापताना स्वतःलाही तेच विचारत आलो होतो, किती उशीर केलास. दाजींवर रागावलो होतो ते खरंच, पण दाजींवरचा राग हा त्यातला सोपा भाग होता. दाजी खुर्चीवरून उठले, माझ्या शेजारी गवतात येऊन बसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

व्हॅनचा आवाज आला तेव्हा आम्ही तसेच होतो. ताईला तळ्यावर धीर धरवला नव्हता. गाडी नीट थांबायच्या आतच ती दार उघडून उतरली. आधी तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"काही नाही गं," दाजी घाईघाईनं म्हणाले. "त्या नर्सबाईंचं चाक बसलं आणि हा रस्ता चुकला—"

"नाही चुकलो, ताई," मी म्हणालो. "मला हे वरून दिसले होते. ओळखलं होतं मी. आणि मुद्दाम सोडून गेलो. मघाशी तिथे तुझ्यासमोर खोटं बोललो."

कप्तान स्टिअरिंगवर होता. त्यानं ऐकलं असणार, कारण त्यानं इंजिन बंद केलं आणि उतरून पुलाकडे चालू लागला. ताईनं मला मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे आणि माझ्या पाठीवरच्या दाजींच्या हाताकडे. मग ती साडी आवरून आमच्यासमोर धुळीतच बसली.

"काय झालंय ते आता कोणीतरी मला नीट सांगा," ती म्हणाली.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, बाहेरच्या खोलीतला फोन, आईनं धरलेला हात, मारलेली हाक, त्यांनी दिलेली 'ओ'. ताई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. शेवटाकडे आल्यावर मात्र दाजींचा आवाज फुटेना. दोनदा त्यांनी सुरुवात केली आणि दोनदा थांबले.

मग आई शेवटी काय म्हणाली, ते ताईला मी सांगितलं.